बोरघाट : आराखडा आणि हजेरीपट

मोठे बांधकाम सिद्धीस जाते ते कोणामुळे, कचेरीत बसून मोजण्या, नकाशे, अंदाजपत्रके आणि वेळापत्रके तयार करणाऱ्या योजकामुळे, की उन्हातान्हात माणसे जमवून, त्यांची हजेरी मांडून, त्यांच्या रुसव्याफुगव्यांतून रोजचे काम काढून घेणाऱ्या मुकादमामुळे, हा वाद फार जुना आहे आणि तो मी दोन माणसांच्या तोंडून वारंवार ऐकत आलो आहे. त्यांपैकी एक सार्वजनिक बांधकाम खात्यातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सारेच रावसाहेब म्हणतात. दुसरे तात्या, ज्यांचे सारे आयुष्य कंत्राटदारांच्या पदरी गवंडी, पाथरवट आणि वडार यांच्या टोळ्या सांभाळण्यात गेले. दोघांनी एकमेकांच्या हाताखाली काम केलेले नाही, त्यामुळे दोघांच्याही बोलण्यात जुन्या मानापमानाचा अंश नसतो. या खेपेस विषय निघाला तो बोरघाटातल्या लोहमार्गाचा, आणि तो निघाला हे बरेच झाले. कारण या वादाचा निकाल लावण्यास इतके परिपूर्ण उदाहरण आपल्या मुलखात दुसरे क्वचितच सापडेल.

रावसाहेबांनी आरंभ केला तो १८५० सालापासून. त्यांच्या मते घाटाचे काम पहिला सुरुंग उडाला त्या १८५६ साली सुरू झाले नाही. जेम्स बर्कले हा जेमतेम तिशीचा अभियंता ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत मुंबईस उतरला, त्याच वर्षी ते सुरू झाले.

रावसाहेब : तात्या, तुम्ही माणसांचा हिशेब सांगाल, आणि तो मी नाकारणार नाही, पण आधी डोंगराचा हिशेब पाहा. कोकणच्या तळापासून घाटमाथ्यापर्यंत १८३१ फूट चढायचे, तेही सुमारे सोळा मैलांत, आणि कुठेही सदतीस फुटांस एक फुटाहून अधिक चढ येऊ द्यायचा नाही. त्यासाठी पंचवीस बोगदे आणि आठ उंच कमानींचे पूल. एके ठिकाणी डोंगराची सोंड इतकी अरुंद की रुळांना वळण घेण्यास जागाच उरत नाही. तेव्हा गाडी तिथे थांबवावी, इंजिन दुसऱ्या टोकास जोडावे आणि उलट दिशेने तिला वर न्यावी, ही युक्ती बर्कलेने कागदावर मांडली. पुढे १९२९ च्या सुमारास नवे बोगदे होऊन ती जागा मागे पडली, पण तोवर साठाहून अधिक वर्षे दख्खनची सारी रहदारी त्या युक्तीवर चालली. एवढे सारे कोण्या मुकादमाच्या अनुभवातून निपजले असते काय?

तात्या : नसते निपजले. पण रावसाहेब, जुन्या रस्त्याने घाट चढताना शिंग्रोबा धनगराचे देऊळ लागते, ते आपण पाहिलेच असेल. ट्रकवाले अजून तिथे नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. साहेबाला घाटाची वाट त्या धनगराने दाखविली आणि साहेबाने बक्षीस म्हणून त्याचा जीव घेतला, असे आमच्या टोळ्यांत पिढ्यानुपिढ्या सांगतात.

रावसाहेब : ही लोककथा झाली. ढाळ काढणे हे दुर्बिणीचे आणि साखळीचे काम आहे. मेंढरांच्या वाटेवर इंजिन चढत नाही.

या ठिकाणी मला रावसाहेबांचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या खरे वाटले आणि तरीही अपुरे वाटले. कथा खरी असो वा नसो, ज्या लोकांनी घाट फोडला त्यांना आपला वाटा कोणीतरी गिळंकृत केला असे वाटत राहिले, एवढे तरी ती निश्चित सांगते; आणि असे वाटण्यास काय कारण घडले ते तात्या पुढे सांगणारच होते. परंतु तत्पूर्वी रावसाहेबांनी बोगद्यांचा मुद्दा काढला, आणि योजनेच्या बाजूने इतका बिनतोड मुद्दा मी फार थोड्या वेळा ऐकला आहे.

रावसाहेब : १८६१ साली या घाटात बेचाळीस हजार माणसे खपत होती. हा आकडा ऐकून लोक थक्क होतात, पण मी विचारतो, बोगद्याच्या तोंडाशी त्यांतली किती मावत होती? अंधारात, धुरात, जेमतेम गाडीपुरत्या रुंदीच्या दगडी भिंतीसमोर एकाने पहार धरायची, दोघांनी घण घालायचे, भोक पडले की दारू ठासायची, बत्ती द्यायची, धूर निवेपर्यंत बाहेर थांबायचे आणि मग डबर उपसायचा. मोकळ्या माळावरच्या बोगद्यावर वरून विहिरीसारखे उभे खड्डे उतरवून मधूनही तोंडे उघडता येतात; इथे कडे इतके उभे की पुष्कळ ठिकाणी ती सोय नव्हती, दोन टोकांकडूनच आत शिरावे लागले. म्हणजे तुम्ही बेचाळीस हजारांची एक लाख माणसे केलीत तरी त्या भिंतीशी हात चालणार तेवढेच. इकडे १८५६ साली रूळ खोपोलीपर्यंत आले होते, १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग खुला झाला होता, आणि मधला घाट उतारू पालखीतून नाही तर तट्टावरून ओलांडीत होते. साऱ्या मार्गाचे भांडवल त्या काही बोगद्यांच्या तोंडाशी अडकून पडले होते. पुढे १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या कामावर ज्या पद्धतीला शास्त्राचे रूप आले, कामांचे जाळे मांडून त्यातली सर्वांत लांब साखळी शोधायची आणि तिच्यावरच सारे लक्ष ठेवायचे, तिचे मर्म हेच आहे. दुसरीकडे कितीही घाई करा, ती व्यर्थ.

तात्या : हे मला पूर्ण मान्य आहे. अहो, मान्य काय, हे आम्ही रोज पाहिलेले आहे. पण आपण म्हणता तो पहार धरणारा आणि ते दोन घण घालणारे, ती तीन माणसे उद्या आली नाहीत तर? माळावर मातीकाम करणारी शंभर माणसे तिथे नेऊन उभी केली तरी त्यांच्याने एक हात भोक पडणार नाही. घण डोळे मिटून पहारीवर बसावा लागतो. पहार धरणाऱ्याचा जीव घण घालणाऱ्यावर विश्वास ठेवून असतो. अशी जोडी जमायला दोन-दोन हंगाम लागतात. म्हणजे आपली ती सर्वांत लांब साखळी शेवटी तीन माणसांच्या मर्जीवर आणि प्रकृतीवर लोंबकळते. ती मर्जी आपल्या जाळ्यात कुठे मांडलेली असते?

रावसाहेब : प्रकृती मांडता येते. घाटात कामाचे महिने आठ, पावसाळ्यात काम बंद, हे बर्कलेला ठाऊक होते. माणसे दख्खनच्या कोरड्या जिल्ह्यांतून सुगी आटोपून येतात आणि मृगाच्या आधी घराकडे वळतात, हेही त्याच्या हिशेबात होते. पटकीची साथ कोणाच्याच हिशेबात येत नाही.

तात्या : आणि पगार?

हा एकच शब्द तात्यांनी उच्चारला आणि थोडा वेळ ते थांबले. नंतर त्यांनी जे सांगितले ते संथपणे, एखाद्या जुन्या चोपडीतून वाचावे तसे सांगितले. कामाचे कंत्राट विल्यम फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराकडे होते. मुंबई-ठाणे हा पहिला मार्गही त्याच्याच भागीदारीने बांधलेला, म्हणजे माणूस नवखा नव्हता. कंपनीने त्याला मोजमापावर पैसे द्यायचे, त्याने पोटकंत्राटदारांस द्यायचे, पोटकंत्राटदारांनी मुकादमांस, आणि मुकादमाने आपल्या टोळीस. मजूर गाव सोडून येतो तो उचल घेऊन. घाटात त्याला दाणागोटा मिळतो तो वाण्याकडून उधारीवर. आणि वाणी उधारी देतो ती पगाराच्या वायद्यावर. या उतरंडीत वरच्या प्रत्येकाच्या दृष्टीने थकबाकी हा वहीतला एक आकडा असतो, पण सर्वांत खालच्या माणसाकडे ती येते तेव्हा वाण्याने दुकानाची फळी लावून घेतलेली असते.

तात्या : जानेवारी १८५९ मध्ये फेव्हिएलच्या कामावर हाच प्रकार झाला. पैसे थकले, हजारो मजूर खवळले, गोऱ्या देखरेखवाल्यांवर चालून गेले, आणि त्या दंग्यात एक युरोपियन प्राणास मुकला. पुढे दोनच महिन्यांत फेव्हिएलने काम सोडले. रावसाहेब, आपला चढ बरोबर होता, बोगद्यांची मापे बरोबर होती, उलट फिरण्याची जागा बरोबर होती. चुकली ती पगाराची तारीख. आणि ती तारीख कोणत्याही नकाशावर काढलेली नव्हती.

रावसाहेब : सरकारने त्याची दखल घेतली. १८६० साली कायदा झाला. रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरच्या मजुरीच्या तंट्यांचा निवाडा मॅजिस्ट्रेटने तडकाफडकी करावा, असे ठरले.

तात्या : आणि करार मोडून काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षा, हेही त्याच कायद्यात आले. ज्याचे पैसे थकले त्याच्याच पायात बेडी. निवाड्याची व्यवस्था झाली, पण तंटा होऊच नये अशी व्यवस्था कोणी केली?

रावसाहेब क्षणभर गप्प राहिले. त्यांचा स्वभाव प्रामाणिक आहे. उत्तर नसले की ते शब्दांची भर घालीत नाहीत. पण थोड्याच वेळात त्यांनी असा मुद्दा काढला की मला वाटले, आता पारडे पुन्हा फिरणार. त्यांनी अ‍ॅलिस ट्रेडवेलचे नाव घेतले.

फेव्हिएल गेल्यावर कंपनीने काम सॉलोमन ट्रेडवेल या दुसऱ्या कंत्राटदारास दिले. तो १८५९ साली पत्नीसह इकडे आला आणि आल्यावर काही आठवड्यांतच आजाराने वारला. विधवा झालेली ही बाई इंग्लंडला परत न जाता कंत्राट आपल्या नावे चालविण्यास सिद्ध झाली, रेल्वेच्याच नोकरीत राहून घाटाची खडान्‌खडा माहिती झालेले अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे दोन अभियंते तिने व्यवस्थापक नेमले, आणि १८६३ साली घाट गाडीस खुला झाला. त्या काळी कोणत्याही देशात एका स्त्रीच्या नावावर एवढे काम असणे ही किती विलक्षण गोष्ट होती, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. आपल्या शालेय पुस्तकांत पहिल्या आगगाडीचे चित्र असते, या बाईचे नाव नसते, याची खंत मला आजही वाटते.

रावसाहेब : पाहा, पहिला कंत्राटदार निघून गेला, दुसरा मेला, खुद्द बर्कले प्रकृती ढासळून विलायतेस गेला आणि १८६२ साली, मार्ग खुला होण्याच्या आधीच, निवर्तला. तरीही काम पुरे झाले. का? तर आराखडा कोणा एकाच्या डोक्यात नव्हता, कागदावर होता. छेद होते, मापे होती, कराराची कलमे होती. जो कोणी येईल त्याला काल कुठे थांबलो आणि उद्या कुठे आरंभ करायचा हे दप्तर उघडून कळत होते. माणसे मर्त्य आहेत, तात्या. ती मर्त्य आहेत म्हणूनच योजना लागते.

तात्या : मी हीच हकिकत निराळी वाचतो. त्या बाईला कागद वारशाने मिळाले, हे खरे. पण कागद तर फेव्हिएलपाशीही होते. तिने नवीन काय केले? डोंगर ओळखणारी दोन माणसे शोधली, त्यांच्या हाती कारभार सोपविला आणि रोज उठून त्यात ढवळाढवळ केली नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर यांना कोणता मुकादम शब्दाचा आहे, कोणत्या तोंडाशी पाणी झिरपते आणि कोणती टोळी होळीला गावी जाणार, हे सारे ठाऊक होते. बेचाळीस हजार माणसे जमली ती त्यांच्या काळात. माणसे नकाशा पाहून गोळा होत नाहीत. गेल्या महिन्याचा पगार वेळेवर झाला, ही बातमी गावोगाव पोचली की गोळा होतात.

एकाच घटनेतून दोघांनी दोन निष्कर्ष काढले आणि मला दोन्ही खरे वाटले. पण ते समान वजनाचे मात्र वाटले नाहीत. दप्तर नसते तर अ‍ॅलिस ट्रेडवेलला काम हाती घेताच आले नसते. परंतु दप्तर असूनही फेव्हिएलचे काम बुडाले होते. म्हणजे दप्तर आवश्यक होते, पुरेसे नव्हते. आणि आपल्याकडे मोठ्या कामांची जी वाताहत होते ती बहुधा या आवश्यकाला पुरेसे समजण्यातूनच होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र तात्यांचा पक्ष निर्विवाद आहे असे कोणी समजू नये. रावसाहेबांनी लगोलग म्हाऊ-की-मळीच्या पुलाचा विषय काढला. हा या घाटातल्या मोठ्या पुलांपैकी एक. तो जुलै १८६७ मध्ये, बांधून चार-पाच वर्षे होतात न होतात तोच, भर पावसात कोसळला.

रावसाहेब : इथे पगार वेळेवर झाला असेल, माणसे खूश असतील, व्यवस्थापक अनुभवी होते. मग पूल का पडला? बांधकाम सदोष होते म्हणून. त्या काळी या रेल्वेचे आणखीही पूल असेच निकामी होऊन पुन्हा बांधावे लागले. दर्शनी बाजूस घडीव दगड आणि पोटात वाटेल तसा डबर व कच्चा चुना असे काम झाले, की बाहेरून तपासणाऱ्याला काही दिसत नाही. आपल्या टोळीवर विश्वास ठेवून मोकळे झाले की हे होते. थर चढत असताना शाखा अभियंत्याने उभे राहून पाहिले पाहिजे, घाणीतला चुना किती मळला ते हातात घेऊन पाहिले पाहिजे, आणि मोजमाप पुस्तकात त्याच दिवशी नोंद केली पाहिजे. प्रेमाने पूल उभा राहत नाही.

तात्या : चुना कच्चा आहे हे सर्वांत आधी कोणाला कळते, रावसाहेब? गवंड्याला. थापीवर घेतल्याबरोबर कळते. नीट मळलेला चुना थापीला लोण्यासारखा धरून राहतो, कच्चा असला की पाणी सोडतो आणि वाळू वेगळी दिसते. तो पूल बांधणाऱ्या प्रत्येक गवंड्याच्या हाताला ते कळले असणार. पण पावसाच्या आत कमान मिटवा असा वरून तगादा असेल, तर कोणता गवंडी हात थांबवून म्हणेल की ही घाणी फेकून द्या? त्याचा रोज बुडेल, मुकादम शिव्या देईल, आणि साहेबापर्यंत त्याचा शब्द जाणारच नाही. आपण म्हणता तशी तपासणी हवीच. पण तपासणारा एक असतो आणि थापी धरणारे शंभर असतात.

रावसाहेब : मग त्या शंभरांचे म्हणणे वर यावे यासाठी रीत पाहिजे, आणि रीत म्हटली की पुन्हा योजना आलीच.

या वाक्यावर तात्या प्रथमच मनापासून मान डोलावते झाले. मग बोलणे आपोआप आपल्या काळाकडे, कोकण रेल्वेकडे वळले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग, नव्वदांहून अधिक बोगदे, त्यातला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. १९९० साली महामंडळ स्थापन झाले आणि जानेवारी १९९८ मध्ये सबंध मार्ग खुला झाला. रावसाहेब या कामाविषयी नेहमीच भारावून बोलतात. ई. श्रीधरन यांनी साऱ्या मार्गाचे सात विभाग पाडून प्रत्येकावर मुख्य अभियंता नेमला आणि त्याला जागच्या जागी निर्णय घेण्याचे अधिकार दिले. मुदतीचे किती दिवस उरले हे दाखविणारी उलटी घड्याळे लावली. फाइल मुंबई-दिल्लीच्या खेपा घालीत बसली नाही. तात्यांनी यातल्या दुसऱ्या गोष्टीविषयी शंका व्यक्त केली. पेडण्याच्या बोगद्यात ओली, मऊ माती पुनःपुन्हा ढासळत होती, माणसे दगावत होती, आणि तेथे घड्याळाकडे पाहून पहार वेगाने चालविणे म्हणजे आणखी बळी देणे होते. सारा मार्ग त्या एका मातीसाठी थांबला आणि थांबला तेच योग्य झाले, असे ते म्हणाले. रावसाहेबांनी ते मान्य केले. पण पहिल्या गोष्टीबद्दल, म्हणजे अधिकार कामाच्या जागी असण्याबद्दल, आणि कंत्राटदाराच्या देयकातली बरीचशी रक्कम अडवून न ठेवता चुकती करण्याच्या तिथल्या रीतीबद्दल दोघांचे पूर्ण एकमत झाले. आणि फेव्हिएलच्या दंग्यानंतर शंभरावर वर्षांनी तरी पगाराची तारीख अभियंत्याच्या मेजावर येऊन बसली, याचे तात्यांना समाधान वाटले.

तात्या : मग आता एवढेच करा, रावसाहेब. आपल्या त्या जाळ्यात खोदाई, कमान, भराव अशी जी एकेक रेघ असते, तशीच पगाराचीही रेघ काढा, आणि ती चुकली तर बोगदा थांबला असे समजून तितकीच धावपळ करा.

रावसाहेब : काढता येईल. पण मोजमापाशिवाय देयकावर सही करणारा अभियंता गुन्हेगार आहे, हे मी सोडणार नाही. पंधरवड्याला पगार द्यायचा तर पंधरवड्याला मोजमाप घ्यावे लागेल, त्यासाठी शाखा अभियंते दुप्पट लागतील, आणि त्यांचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावा लागेल. काम सुरू झाल्यावर मागितला तर मंजूर होत नाही.

तात्या : धरा ना. आणि मोजमाप घेताना टोळीच्या मुकादमाला शेजारी उभा करा, आकडा त्याला वाचून दाखवा, त्याचा अंगठा किंवा सही घ्या. कंत्राटदाराला किती मिळाले हे त्याला कळले, की टोळीचे पैसे मधल्यामध्ये थकत नाहीत.

रावसाहेब : कंत्राटदाराचा दर त्याच्या पोटातल्या माणसांपुढे उघडा करायचा? तात्या, त्या अटीवर एकही शहाणा कंत्राटदार निविदा भरणार नाही.

तात्या : दर सांगू नका. माप सांगा. किती ब्रास दगड फोडला तो त्याचाच आहे, त्याचा आकडा त्याच्यापासून लपवायचा कशाला?

रावसाहेबांनी यावर होकार दिला नाही. माप कळले की दर काढणे कोणत्याही मुकादमाला अवघड नाही, ही त्यांची अडचण होती आणि ती खरी होती. आणि तात्यांना नेमके तेच हवे होते, हेही खरे होते.